दुष्काळ आणि नाम : संकटकाळातील प्रार्थनेविषयी प्रस्तावना

संकटकाळी माणूस देवाला हाक मारतो, हे विधान इतके सर्वपरिचित आहे की त्यात विचार करण्यासारखे काही उरले आहे असे सहसा कोणास वाटत नाही. मात्र ती हाक कोणत्या शब्दांत मारली जाते, कोणाच्या सोबतीने मारली जाते आणि मारून झाल्यावर हाक मारणारा काय करतो, हे तीन प्रश्न विचारले की या सोप्या वाटणाऱ्या विधानाखाली श्रद्धेचा एक मोठा आणि गुंतागुंतीचा व्यवहार असल्याचे दिसू लागते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा व्यवहार आहे. प्रार्थना खरी की खोटी, ईश्वर ती ऐकतो की नाही, हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे आणि ज्याच्या त्याच्या निष्ठेचे आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो प्रार्थनेने माणसाला बळ येते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचा. त्यासाठी महाराष्ट्राच्या इतिहासात वारंवार आलेले आणि श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा घेणारे दुष्काळ हे संकट मध्यवर्ती मानले आहे.

ही निवड सहेतुक आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पसरलेला देशावरचा मोठा पट्टा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या भूभागाचा आहे, आणि विठ्ठलभक्तीचे केंद्र असलेले पंढरपूर याच कोरड्या पट्ट्यात वसले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि लोकस्मृतीत बारा वर्षांचा म्हणून राहिलेला दुर्गादेवीचा दुष्काळ, पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेतून ओळखला जाणारा दुष्काळ, १६३० च्या सुमाराचा महादुष्काळ, १८७६ ते १८७८ आणि १८९६-९७ चे दुष्काळ, आणि अगदी अलीकडे १९७२ चा दुष्काळ, अशी ही मालिका आहे. आषाढी वारी पेरणीच्या दिवसांत येते, त्यामुळे पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या शेतकऱ्याचे एक लक्ष टाळाकडे आणि एक आभाळाकडे असते. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या समाजात वाढलेल्या या भक्तीला संकट परके नव्हते; ते तिच्या पंचांगातच होते.

मराठीत प्रार्थनेसाठी एकच एक शब्द पुरत नाही, आणि या शब्दांतील भेद विषयाच्या मुळाशी जाणारे असल्यामुळे ते आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ‘नवस’ म्हणजे अटीवर केलेली प्रार्थना. इच्छा पूर्ण झाली तर अमुक वाहीन, तमुक करीन, असा तो देवाशी केलेला करार असतो. ‘गाऱ्हाणे’ म्हणजे तक्रारवजा विनंती. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेपुढे गावाच्या वतीने एकजण गाऱ्हाणे घालतो आणि भोवतालचे लोक प्रत्येक मागणीला ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात, त्यामुळे एकाचे मागणे साऱ्या गावाचे होते. ‘अनुष्ठान’ म्हणजे ठरावीक काळ, ठरावीक विधीने केलेली उपासना. ‘नामस्मरण’ म्हणजे कोणतीही मागणी न करता देवाचे नाव घेत राहणे. आणि ‘करुणा’ म्हणजे भक्ताने आपली व्याकुळता मोकळेपणाने देवापुढे मांडणे. संतांच्या गाथांत करुणापर अभंगांचा असा एक मोठा भाग आढळतो. नवसात बळ फळावर अवलंबून असते आणि फळ न मिळाल्यास श्रद्धाच कोसळण्याचा धोका असतो. गाऱ्हाण्यात बळ सोबतीचे असते. नामस्मरणात ते नेमातून, म्हणजे न चुकता पाळलेल्या नित्यक्रमातून येते, तर करुणेत ते दुःखाला शब्द सापडल्यामुळे येते. संकटात सापडलेल्या माणसाच्या आयुष्यात हे सारे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, तरी त्यांची कार्ये वेगळी आहेत.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे पाहता येतो तो देहूच्या तुकोबांच्या चरित्रात. तुकोबांचा जन्म इ. स. १६०८ चा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मोरे घराण्याकडे महाजनकी होती, वाण्याचा व्यापार आणि सावकारी होती, आणि घरात विठ्ठलाची उपासना पूर्वजांपासून चालत आलेली होती. आईवडील एकामागून एक गेले, थोरला भाऊ सावजी पत्नीच्या निधनानंतर विरक्त होऊन घर सोडून गेला, आणि या आघातांतून प्रपंच सावरतो न सावरतो तोच १६३० च्या सुमाराचा दुष्काळ आला. तो केवळ न पडलेल्या पावसाचा दुष्काळ नव्हता. निजामशाही गिळंकृत करण्यासाठी शाहजहानच्या फौजा दख्खनेत उतरलेल्या होत्या, आणि याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने देहूपासून दूर नसलेले पुणे जाळून उद्ध्वस्त केले होते. गुजरातेपासून दख्खनेपर्यंत माणसे आणि जनावरे अन्नावाचून मेली. तुकोबांच्या व्यापाराचे दिवाळे निघाले, बाजारातील पत गेली, पहिली पत्नी रखुमाबाई भुकेने गेली आणि मुलगा संतोबाही गेला.

या अनुभवाविषयी तुकोबांनी संतांच्या आग्रहावरून एका आत्मचरित्रपर अभंगात जे सांगितले आहे, ते प्रार्थनेच्या अभ्यासकासाठी मोलाचे आहे, कारण त्यात चमत्काराला जवळजवळ जागा नाही आणि क्रमाला फार महत्त्व आहे. आधी लाज आणि दुःख आले. मग पडक्या अवस्थेतील देवालय दुरुस्त करावे असे मनात आले. मग एकादशीला कीर्तन सुरू झाले, आणि तेही अभ्यास नसताना. आधीच्या संतांची वचने आदराने पाठ केली, पुढे गाणाऱ्याच्या मागे राहून ध्रुपद धरले, आणि शरीर कष्टवून जमेल तेवढा परोपकार केला. ध्रुपद म्हणजे अभंगाचा पुनःपुन्हा येणारा चरण. ते धरणे म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभे राहून तोच चरण सर्वांबरोबर म्हणत राहणे. ज्याच्या घरात भुकेने मृत्यू झाला आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचे शब्द अजून आलेले नाहीत, असा माणूस दुसऱ्यांचे शब्द उसने घेऊन त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो, ही या मार्गाची पहिली पायरी आहे. पुढे मराठीतील थोर कवी ठरलेल्या या पुरुषाची सुरुवात मागच्या रांगेत उभे राहून झाली, आणि त्यानेच ती न लपवता सांगितली. दुःखात कोसळलेल्या माणसाला आधी स्वतःची श्रद्धा सिद्ध करावी लागते, तेव्हा कोठे त्याला प्रार्थनेचा अधिकार मिळतो, ही समजूत येथे मोडून पडते. शब्द परके असले तरी चालतात, मन तयार नसले तरी चालते, फक्त रांगेत उभे राहावे लागते.

तुकोबांच्या गाथेत आणखी एक अभंग आहे, ज्यात ते दिवाळे निघाल्याबद्दल, दुष्काळाने पीडल्याबद्दल आणि प्रपंचाच्या वाताहतीबद्दल देवाचे जणू आभार मानतात, कारण या साऱ्यामुळे ते देवाकडे वळले. हा अभंग प्रवचनांत वारंवार येतो आणि त्याचा अर्थ पुष्कळदा असा लावला जातो की संकट ही देवाची कृपा असून माणसाने ते आनंदाने सोसावे. हा अर्थ दोन कारणांनी सदोष आहे. पहिले असे की ही कृतज्ञता मागे वळून पाहणाऱ्याची आहे. दुष्काळ ओसरल्यावर, वाट सापडल्यावर, सोसलेल्याने स्वतःच्या आयुष्याविषयी काढलेले ते उद्गार आहेत. दुसरे असे की ते तुकोबांनी स्वतःपुरते काढले आहेत. उपाशी शेजाऱ्याला त्यांनी हा उपदेश केलेला नाही. भरल्या पोटाच्या माणसाने तेच शब्द उपाशी माणसाला ऐकवले की त्यांचे बळ निघून जाते आणि उरते ती निष्ठुरता. दुःखाचा अर्थ लावण्याचा हक्क ते भोगणाऱ्याचा असतो, एवढे पथ्य श्रद्धेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने पाळणे अगत्याचे आहे.

प्रार्थना म्हणजे निमूट शरणागती, या समजुतीलाही वारकरी परंपरेत आधार सापडत नाही. नामदेवांच्या अभंगांत विठ्ठलाशी रुसणे आहे, हट्ट आहे, तक्रार आहे. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या, मूळच्या गंगाखेडच्या जनाबाईंची विठ्ठलाशी सलगी इतकी की त्यांच्या कथांत तो त्यांना दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. तुकोबा तर देवाला कठोर शब्दांत जाब विचारतात. धर्मशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हे औद्धत्य वाटेल. परंतु ज्याच्यावर रागावता येते तो जवळचा असतो, आणि दुःखाने एकाकी पडलेल्या माणसाला रागावण्यासाठी का होईना पण कोणीतरी समोर असणे हा मोठा आधार असतो. मुका राग माणसाला आतून कुरतडतो. देवापुढे बोललेला राग संवादात येतो आणि संवाद चालू असेपर्यंत नाते तुटत नाही. करुणेचा हा भांडखोर प्रकार या परंपरेने गाथेत जपून ठेवला, कीर्तनात उभा केला आणि त्यायोगे सामान्य माणसालाही तसे बोलण्याची मुभा दिली.

ही मुभा सर्वाधिक वापरली ती घराघरांतील बायकांनी, आणि तीही कोणत्याही देवळाच्या बाहेर. पहाटे जात्यावर दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या ही मराठीतील सर्वांत विस्तीर्ण आणि सर्वांत कमी वाचली गेलेली प्रार्थना होय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमवल्या गेल्या, त्यामुळे या मौखिक ठेव्याचे आकारमान आता आपल्यासमोर आहे. या ओव्यांत पंढरपूर हे माहेर असते आणि विठ्ठल कधी बाप, कधी भाऊ, कधी पाठीराखा असतो. सासरचा जाच, नवऱ्याचा मार, लेकरू गेल्याचे दुःख हे दिवसा कोणाजवळ उच्चारता येत नसे. जात्याच्या घरघरीत ते देवाला सांगता येई, आणि शेजारी खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा नणंद ते ऐकून पुढची ओवी घेई. येथे प्रार्थना आणि काम एकाच हाताने चालत होते. पिठाची गिरणी आल्यावर बायकांचे कष्ट हलके झाले, हे स्वागतार्हच होते. मात्र त्याबरोबर दुःख बोलण्याची एक रोजची जागाही गेली, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

श्रद्धेने दिलेल्या बळाची चर्चा करताना श्रद्धेच्या संस्थांनी उभ्या केलेल्या भिंतींकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मंगळवेढ्याचे चोखोबा विठ्ठलाचे भक्त होते, पण जातीमुळे त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करीत असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, म्हणजे दाराच्या बाहेरच आहे. त्यांच्या अभंगांत बळ आहे तसाच प्रश्नही आहे, आणि तो प्रश्न विठ्ठलाइतकाच त्याचे दार राखणाऱ्यांनाही विचारलेला आहे. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवसांचे उपोषण करावे लागले. उपोषण हीदेखील एक प्रार्थनाच होती, पण ती देवाला उद्देशून नव्हती. देवाच्या नावाने दार अडवून उभ्या असलेल्या माणसांना उद्देशून होती. सहा शतकांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे ध्यानात येते की प्रार्थनेने पीडिताला जगण्याचे बळ मिळाले तरी त्याने पीडा संपत नाही. ती संपवण्याचे काम कोणा माणसालाच हाती घ्यावे लागते.

दामाजीपंतांची कथा याच अंगाने वाचण्यासारखी आहे. बिदरच्या बादशाहीत मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांना खुली केली आणि बादशहाच्या रोषाची तलवार डोक्यावर असताना विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. ऐतिहासिक तपशील आणि कथा यांची येथे सरमिसळ झालेली आहे. तरीही शतकानुशतके ही कथा कीर्तनात सांगणाऱ्या समाजाने चमत्काराची जागा कोठे ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. देव पाऊस पाडत नाही, आकाशातून धान्य टाकत नाही. आधी एक माणूस धोका पत्करून कोठाराचे कुलूप काढतो. चमत्कार येतो तो त्यानंतर, आणि येतो तोही त्या समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या वेशात.

हेच सूत्र अगदी वेगळ्या धर्ममार्गावर दिसते ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात, आणि त्यांचे उदाहरण या विषयाला आवश्यक ती धार देते, कारण त्यात प्रार्थनेचे अपयशही आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थाटन करीत, पुराणे सांगत जगत. १८७० च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात या कुटुंबाने व्रते केली, अनुष्ठाने केली, दानधर्मात जवळचे सारे संपवले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी भटकत कलकत्त्यापर्यंत पोहोचले. ज्या उपासनेवर आईवडिलांनी जीव ओवाळून टाकला तिच्यावरचा विश्वास या अनुभवात रमाबाईंच्या मनातून उडाला. पुढे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. येथे एवढेच पाहावयाचे की १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः भुकेत आप्त गमावलेली ही स्त्री तेथे गेली, अनाथ आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आली, आणि पुण्याजवळच्या केडगावला शेकडोंचा आश्रय उभा राहिला. सामुदायिक प्रार्थना हा त्या आश्रयाच्या दिनक्रमाचा गाभा होता, आणि त्याच दिनक्रमात शेती, विणकाम, छपाई आणि शिक्षणही होते. एका देवावरचा विश्वास हरपला, दुसऱ्या नावावर तो जडला. तथापि दुष्काळाची ओळख पुसली गेली नाही, आणि त्या ओळखीनेच त्यांना पुन्हा दुष्काळाच्या मुलखात नेले.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल, तो असा की श्रद्धा माणसाला सोसायला शिकवते आणि सोसायला शिकलेला माणूस न्याय मागत नाही. हा आक्षेप निराधार नाही. ‘ठेविले अनंते’ वृत्तीच्या नावाखाली अन्याय पचवण्याची सवय अनेकदा लावली गेली आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकरी आणि शेतमजूर जगले ते खडी फोडण्याच्या, बांधबंदिस्तीच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर, आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचे तत्त्व पुढे कायद्यात आले. हे काम कोणतेही भजन करू शकले नसते. परंतु दिवसभर खडी फोडून संध्याकाळी भजनाला बसणाऱ्या माणसाला या दोहोंत विरोध दिसत नव्हता. मजुरी त्याची भूक भागवत होती. आपण निव्वळ मजुरीच्या हजेरीपटावरचा आकडा नाही, आपल्याला नाव आहे, आवाज आहे आणि आवाजात आवाज मिसळणारी चार माणसे आहेत, ही जाणीव त्याला भजनातून मिळत होती. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा करणारेच दोहोंचे नुकसान करतात.

सोबत हे या बळाचे केवढे मोठे अंग आहे, हे ती काढून घेतली गेली तेव्हा कळले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांतील संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीच्या बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी वाळवंटात गर्दीविना पार पडली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्यांनी त्या वर्षी घरीच राहून हरिपाठ म्हटला. नेम टिकला, नाम टिकले, पण खांद्याला खांदा नव्हता. आणि जे उरले ते पुरेसे आहे की नाही, याचा अनुभव प्रत्येकाने आपापला घेतला. एवढे मात्र खरे की वारी थांबवण्याचा तो निर्णय बहुसंख्य वारकऱ्यांनी मानला, कारण स्वतःच्या पुण्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते.

या सर्व उदाहरणांतून जो विचार हाती येतो तो असा की प्रार्थनेचे बळ एका दिशेने वाढत जाते. ती उसन्या शब्दांत सुरू होते, नेमाने स्थिर होते, रागाला आणि रडण्याला वाट देते, सोबतीने रुंदावते, आणि परिपक्व झाली की मागणाऱ्याच्या पलीकडे जाते. ज्ञानदेवांनी इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण करताना मागितलेले पसायदान, म्हणजे कृपाप्रसादाचे दान, याचा आदर्श होय. समाजाने वाळीत टाकलेल्या घरातील या तरुणाने त्या मागण्यात स्वतःसाठी काहीही मागितले नाही. प्रत्येक प्रार्थना तेथवर पोहोचत नाही, आणि पोहोचली नाही म्हणून ती हलकी ठरत नाही. लेकराच्या तापासाठी केलेला नवससुद्धा खराच असतो. तथापि संकटाने माणसाला आत ओढून घेतलेले असताना त्याला पुन्हा बाहेर, दुसऱ्याकडे पाहता येणे, ही त्या बळाची सर्वांत विश्वासार्ह खूण आहे.

या खुणेचे सर्वांत नेमके चित्र पुन्हा देहूलाच सापडते. संतचरित्रकार महिपती सांगतात की दुष्काळानंतर तुकोबांनी घरातील कर्जाची खतपत्रे काढली, धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर त्यांची निम्मी-निम्मी वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. दुष्काळाने नागवलेल्या कुळांच्या डोक्यावरचे ओझे त्या पाण्यात उतरले, आणि तेही देणेकऱ्यांनी मागितले नसताना. या कथेत तपशिलाचे एक बारीक टोक आहे, जे सहसा नजरेतून सुटते : कान्होबाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. भावाला त्याचा संसार होता, त्याचा निर्णय त्याचा होता. भुकेने पत्नी आणि मूल गमावलेल्या माणसाला नामाने जे बळ दिले, ते दुसऱ्यावर त्याग लादण्याचे नव्हते. आपल्या वाट्याचे तेवढे, आणि ते पूर्णपणे, सोडून देण्याचे होते.